निरगाठ नको, सुरगाठ हवी

आमच्या गावी गोठ्यात म्हैस बांधताना आजी दाव्याला नेहमी सुरगाठ मारते. एक टोक ओढले की गाठ सुटते. मी लहान असताना एकदा दावे घट्ट आवळून निरगाठ मारली होती. तेव्हा ती म्हणाली, "रात्री गोठ्यात काही झालं तर अंधारात ही गाठ सोडणार कोण? बांधायचं ते सोडता येईल असं बांधावं." तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरले नाही. ते शिरायला कारवारचा समुद्र लागला.

मित्रांनो, एक कयाक दुसऱ्या कयाकला दोराने जोडून मोकळ्या पाण्यावरून सुरक्षित कशी ओढून आणायची, हे मी या लेखात सांगणार आहे. आपल्यापैकी बरेच जण हलसूर तलावावर वल्ही मारायला शिकले आहेत. मद्रास सॅपर्सच्या केंद्राला लागून असलेला हा तलाव चारी बाजूंनी बंदिस्त आहे, मध्ये छोटी बेटे आहेत. कोणी दमला तर पाच-दहा मिनिटांत काठ गाठता येतो. त्यामुळे तिथे दुसऱ्याला ओढणे हा खेळ वाटतो. समुद्रावर तो खेळ राहत नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही एका शिबिरासाठी कारवारला गेलो होतो. तिथे काळी नदी अरबी समुद्राला मिळते. उत्तरेच्या काठावर सदाशिवगड आहे आणि दक्षिणेला कारवार शहर. सकाळी नऊच्या सुमारास आम्ही आठ कयाक घेऊन नदीच्या मुखातून बाहेर पडलो. पाणी शांत होते. दुपारी एक वाजता परत फिरलो तेव्हा चित्र बदलले होते. समुद्राकडून वारा सुटला होता आणि ओहोटीचे पाणी नदीतून बाहेर धावत होते. वारा आत, पाणी बाहेर. अशी दोघांची टक्कर झाली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो, परीक्षेत दोन गुणांना आकृती काढतो. ते खारे वारे त्या दिवशी मला पाठीवर लागत होते.

आमच्यात आठवीतला एक ज्युनिअर होता, बेळगावकडचा. शाळेत तो मला 'सर' म्हणतो, पण मराठीत बोलताना 'दादा'. त्याला समुद्र लागला. दोनदा उलटी झाली आणि त्याने वल्हे मांडीवर आडवे ठेवून दिले. त्याच्या सर्वांत जवळ मी होतो. उस्ताद शेवटच्या दोन कयाकबरोबर मागे होते. मला वाटले, आपण दहावीतले, दंडात ताकद आहे, ओढून नेऊ. पिशव्या बांधायची नायलॉनची दोरी माझ्याकडे होती. तिचे एक टोक त्याच्या कयाकच्या पुढच्या कडीला बांधले आणि दुसरे माझ्या लाइफ जॅकेटच्या बाजूच्या पट्ट्याला. दोन्हीकडे निरगाठ. मधली दोरी जेमतेम तीन मीटर.

शंभरएक मीटर गेलो असू. मागून आलेल्या एका लाटेवर त्याची कयाक घसरत पुढे आली आणि माझ्या कयाकच्या मागच्या बाजूवर आदळली. मी आडवा झालो. पुढच्या लाटेने त्याची कयाक बाजूला फिरली, दोरी ताणली आणि मी पाण्यात पडलो. आमच्या कयाक वर बसायच्या प्रकारातल्या होत्या, त्यामुळे आत अडकण्याची भीती नव्हती. माझी रिकामी कयाक मात्र वाऱ्याबरोबर भराभर लांब जाऊ लागली. मला तिच्याकडे पोहायचे होते, पण मी दोरीला बांधलेला होतो. त्याची कयाक मला एका बाजूला खेचत होती आणि माझ्या वजनाने त्याच्या कयाकचे तोंड पुन्हा पुन्हा लाटेला आडवे होत होते. तो दोन्ही हातांनी कयाक धरून रडत होता. मी बरगडीजवळ गाठ चाचपत होतो. ओल्या नायलॉनची, ताणाखाली आवळलेली निरगाठ बोटांनी सुटत नाही. प्रत्येक लाटेला तोंडात पाणी जात होते.

उस्ताद आले, त्यांनी आधी त्याची कयाक धरली आणि मग चाकूने दोरी कापली. सगळे मिळून चार-पाच मिनिटांचे काम असेल. काठावर आल्यावर ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "पहले छोड़ना सीखो, फिर खींचना." संध्याकाळी त्यांनी मला माझ्या चुका कागदावर लिहायला लावल्या. पाच निघाल्या. त्याच पाच चुकांच्या क्रमाने पुढे सांगतो.

पहिली चूक, मी कोणाला कळवले नाही. दोर काढण्याआधी शिट्टी काढायला हवी होती. आमच्या गटात तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी, असे ठरलेले होते. मी वाजवली नाही, कारण मला एकट्याने करून दाखवायचे होते. एखादी कयाक थांबली की सर्वांनी थांबायचे, जवळ यायचे आणि मग ठरवायचे की ओढायची गरज आहे का. गरज नेहमीच असते असे नाही. नुसता दमलेला असेल तर पाणी प्यायला द्यावे, दोन मिनिटे त्याची कयाक धरून विश्रांती द्यावी, बाजूने बोलत बोलत चालावे. वल्हे हरवले असेल तर गटातले जादा वल्हे द्यावे. खांदा दुखावला, समुद्र लागला, चक्कर येते आहे किंवा वाऱ्यापुढे तो मागेच जातो आहे, अशा वेळी ओढायचे.

दुसरी चूक म्हणजे दोरी आणि गाठ. ओढण्यासाठी वेगळा कमरपट्टा मिळतो. तो लाइफ जॅकेटच्या वरून कमरेला बांधतात. त्याच्या मागच्या बाजूला छोट्या पिशवीत दोर भरलेला असतो आणि दोराच्या टोकाला हुक असतो. पट्ट्याचे बक्कल पुढे असते आणि त्याला एक चेंडू किंवा जाडसर पट्टी लावलेली असते. ती ओढली की अख्खा पट्टा कमरेवरून सुटून जातो. हीच ती आजीची सुरगाठ. पट्ट्याचे उरलेले टोक बकलातून परत ओवू नये किंवा खोचून ठेवू नये, नाहीतर ऐन वेळी ते अडकते. पट्ट्याच्या वर दुसरे काही बांधू नये. काही कयाकमध्ये दोर बैठकीच्या मागे कयाकलाच अडकवायची सोय असते. तिथेही एका हाताने, बसल्या जागेवरून सुटेल अशीच रचना हवी.

दोर तरंगणारा हवा. नायलॉन पाण्यापेक्षा जड असते, म्हणून बुडते. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून तरंगते आणि डोळ्यांना दिसते. दोर भडक रंगाचा असावा. त्यात थोडा रबरी ताणणारा भाग असेल तर लाटेचा झटका थेट कमरेला बसत नाही. हुक दुसऱ्या कयाकच्या पुढच्या कडीला लावायचा, माणसाला कधीच नाही. सोबत चाकू हवाच आणि तो पिशवीच्या तळाशी ठेवून उपयोग नाही. तो लाइफ जॅकेटवर, हात पोहोचेल तिथे हवा. माझ्याकडे चाकू होता. तो जेवणाच्या डब्याबरोबर होता.

तिसरी चूक दोराच्या लांबीची. तीन मीटर दोर हलसूरला चालून जातो, कारण तिथे लाट नसते. समुद्रावर मागून लाट येत असेल तर ओढली जाणारी कयाक लाटेच्या उतारावरून घसरत पुढच्यावर आदळते. म्हणून मोकळ्या पाण्यावर साधारण १० ते १५ मीटर दोर वापरतात. लाटा मोठ्या आणि मागून येणाऱ्या असतील तर दोर पूर्ण सोडायचा. शांत पाण्यात किंवा अरुंद जागी तो आखूड करायचा, कारण लांब दोर वळताना खांबात, खडकात किंवा मासेमारीच्या जाळ्यात अडकू शकतो. अगदी थोडे अंतर असेल, म्हणजे खडकाजवळून पन्नास मीटर बाहेर काढायचे असेल, तर एखाद मीटरची दोरी पुरते. तेव्हा समोरचा आपल्या कयाकला घट्ट धरून राहतो आणि दोन्ही कयाक एकमेकींना चिकटून जातात. हे जलद होते, पण फार वेळ जमत नाही.

चौथी चूक, आजारी मुलाला मी एकटे सोडले. ज्याला चक्कर येते आहे त्याला तोल सांभाळता येत नाही. दोराच्या टोकावर तो एकटा असेल तर उलटणारच. अशा वेळी तीन जण लागतात. एक जण आपली कयाक त्याच्या कयाकला बाजूने लावतो आणि तो आजारी मुलगा त्या कयाकवर ओणवा होऊन दोन्ही हातांनी ती धरतो. दोन कयाक मिळून तराफा होतो आणि तराफा सहजी उलटत नाही. तिसरा या जोडीला पुढून ओढतो. मधला सोबती वल्हे मारत नाही. त्याचे काम धरून ठेवणे, मुलाशी बोलत राहणे आणि पुढच्याला खबर देणे हे असते. ओढणाऱ्याची पाठ मागे असते, त्याला काही दिसत नाही. त्याचे डोळे म्हणजे हा सोबती. म्हणून ओढणाऱ्याने दर थोड्या वेळाने मान वळवून पाहावे आणि सोबत्याने "थांब", "सोड", "चल" हे तीनच शब्द मोठ्याने वापरावेत. वाऱ्यात लांब वाक्ये ऐकू येत नाहीत.

पाचवी चूक हिशेबाची होती. मी कुठे चाललो आहे आणि तिथे पोहोचू शकतो का, हे पाहिलेच नाही. हे गणित मी नंतर वहीत मांडले. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. दोन सारख्या कयाक म्हणजे विरोध दुप्पट, पण दंड दोनच. तेव्हा प्रत्येक कयाकच्या वाट्याला निम्मी शक्ती आली. निम्म्याचे घनमूळ सुमारे ०.७९. म्हणजे एकटा मी ताशी ५ किलोमीटर जात असेन तर ओढताना ताशी ४ किलोमीटर जाईन. ऐकायला हे फार वाईट वाटत नाही. आता समोरून ताशी ३ किलोमीटरचा ओहोटीचा प्रवाह धरा. एकट्याचा खरा वेग उरला २, ओढणाऱ्याचा उरला १. एक किलोमीटरला एकट्याला ३० मिनिटे लागतील आणि ओढताना ६०. वेग पाचव्या हिश्शाने कमी झाला, वेळ मात्र दुप्पट झाला. प्रवाह ताशी ४ किलोमीटर असेल तर ओढणारा घामाघूम होऊन जागच्या जागी राहील.

दोघांनी ओढले तर? तीन कयाक, दोघांची शक्ती. दोन तृतीयांशाचे घनमूळ सुमारे ०.८७, वेग साधारण ४.४. त्याच प्रवाहाविरुद्ध एक किलोमीटरला सुमारे ४४ मिनिटे. म्हणजे पाऊण तास, तासाऐवजी. दोघांनी ओढताना दुसरा पहिल्याच्या पुढे सरळ रेषेत राहतो आणि त्याचा दोर पहिल्याच्या कयाकच्या पुढच्या कडीला असतो. बाजूबाजूला राहून दोघे ओढू शकतात, पण मग वल्ही एकमेकांना लागणार नाहीत एवढे अंतर ठेवावे लागते. आजारी मुलाचा तराफा असेल तर विरोध याहून जास्त, वेग याहून कमी. हे आकडे अंदाजाचे आहेत, पण निर्णय घ्यायला पुरेसे आहेत.

निर्णय असा की निघालो तिथेच परत जायचा हट्ट धरू नये. वारा ज्या बाजूला नेतो आहे तिकडे सुरक्षित वाळूचा किनारा असेल तर तिकडे जावे. प्रवाह विरुद्ध असेल तर वाट पाहावी. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असते आणि शेवटच्या तासात प्रवाहाचा जोर बराच ओसरतो. त्या दिवशी आम्ही मुखातून न शिरता दक्षिणेकडच्या वाळूवर उतरलो असतो तर उलटी झालेला मुलगा अर्ध्या तासात सावलीत बसला असता. अर्थात उतरतानाही एक नियम आहे. किनाऱ्याजवळ जिथे लाटा फुटतात तिथे दोर लावून शिरायचे नाही. फुटणाऱ्या लाटेत दोन कयाक आणि मध्ये दोर म्हणजे गळ्यात फास. लाटा फुटतात त्याच्या बाहेरच थांबायचे, दोर सोडायचा, आणि मग एकेकाला धरून आत न्यायचे. पुलाचे खांब आणि इंजिनाच्या होड्या यांच्यापासूनही लांब राहायचे. तरंगणारा दोर होडीच्या पंख्यात गेला तर ओढणाराही त्याच्यामागे जातो.

प्रत्यक्ष ओढताना सुरुवात हळू करावी. दोर पाण्यावर सैल असताना जोरात वल्हे मारले तर दोर ताणताच झटका बसतो आणि कंबर धरते. आधी दोर हलकेच ताणू द्यावा, मग लय पकडावी. दम लागण्याआधीच ओढणारा बदलावा. दम लागल्यावर बदलायला गेलो तर एकाऐवजी दोन आजारी होतात. मागच्या कयाकला सुकाणू किंवा खाली सोडायची पट्टी असेल तर ती सोडावी म्हणजे ती नागमोडी जात नाही. आणि मागच्या मुलाला अंगावर कोरडे काहीतरी घालावे. कारवारचे पाणी गार नसते, पण ओल्या अंगावर वारा लागला आणि हालचाल थांबली की हुडहुडी भरते.

ओढण्याची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मराठा आरमारात गुराब आणि गलबत अशी दोन प्रकारची जहाजे असत. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, तोफा लादलेली. गलबत लहान, पण त्यावर चाळीस-पन्नास वल्हेकरी असत. वारा पडला की शिडाच्या जोरावर चालणारी गुराब जागीच थांबे. अशा वेळी गलबते दोर लावून गुराबांना ओढत आणि तोफांचा मारा करता येईल अशा जागी नेऊन उभ्या करत. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांच्या काळात कोकणच्या किनाऱ्यावर परदेशी जहाजांना हा अनुभव अनेकदा आला. त्यांची मोठी जहाजे वाऱ्याअभावी खोळंबत आणि मराठ्यांच्या तोफा मात्र वल्ह्यांच्या जोरावर चालून येत. एका गुराबीला ओढायला एकाच्या दंडाची ताकद पुरत नसे, चाळीस जणांची एक लय लागे. मी त्या दिवशी लय सोडून ताकदीवर गेलो होतो.

बंगळुरूला परतल्यावर आम्ही चौघांनी हलसूरवर सराव सुरू केला. सगळ्यांत जास्त वेळ ओढण्याला देत नाही, सोडण्याला देतो. एक जण ओढतो, दुसरा न सांगता शिट्टी वाजवतो आणि ओढणाऱ्याने लगेच पट्टा सोडायचा. आधी उजव्या हाताने, मग डाव्या, मग डोळे मिटून, मग मुद्दाम उलटून पाण्यात पडल्यावर. पहिल्या दिवशी माझे बोट बकलावर न जाता लाइफ जॅकेटच्या पट्ट्यावर जात होते, अगदी त्या दिवशी गेले होते तसे. आता हात आपोआप जागेवर जातो. हा सराव उस्ताद किंवा शिक्षक काठावर असतानाच करायचा, लाइफ जॅकेट घालूनच करायचा.

तो ज्युनिअर आता आमच्या सरावात येतो. पहिल्यांदा तो ओढणार होता आणि मी मागे बसणार होतो. त्याने कमरपट्टा बांधला, बक्कल पुढे घेतले, उरलेले टोक मोकळे सोडले, चाकू चाचपून पाहिला आणि निघण्याआधी मागे वळून म्हणाला, "दादा, आधी एकदा सोडून बघू?"

मी म्हणालो, "बघ."

त्याने पट्टी ओढली. पट्टा पाण्यावर तरंगत राहिला. मग त्याने तो पुन्हा बांधला आणि आम्ही निघालो.